लॉन नको, गवत लावू या!

आपल्या शाळेच्या फाटकापासून व्हरांड्यापर्यंतच्या मोकळ्या जागेत लॉन लावायचे घाटत आहे, हे गेल्या पालकसभेत आपण सर्वांनी ऐकलेच असेल. सूचना चांगल्या मनाने आलेली आहे. शाळा हिरवीगार दिसावी, पाहुण्यांना प्रसन्न वाटावे, स्नेहसंमेलनाचे फोटो चांगले यावेत, यात गैर काहीच नाही. तरीही या बाबतीत चार शब्द लिहावेत असे आम्हां दोघांना वाटले. आम्ही दोघेही याच शाळेचे जुने विद्यार्थी. आता आमची नात येथे चौथीत शिकते. शिवाय लॉन या विषयाची फी आम्ही स्वतःच्या खिशातून भरून चुकलो आहोत, तेव्हा तो धडा शाळेला फुकट मिळावा हा हेतू.

आमच्या घरापुढे वीस बाय तीस फुटांचे अंगण आहे. निवृत्तीनंतर हौस म्हणून नर्सरीतून 'मेक्सिकन' गवताचे चौकोन आणून आम्ही तेथे लॉन घातले. पहिला पावसाळा आणि थंडी फार सुखात गेली. सकाळी पोहे खाता खाता त्या हिरव्या गालिच्याकडे बघत बसायचे, हा आमचा उद्योग. मग एप्रिल आला आणि गालिचा पाणी मागू लागला.

हिशेब अगदी सोपा आहे. पाचवी-सहावीच्या मुलांना तो जरूर घालावा. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाणी पसरले की बरोबर एक लिटर होते. आपल्याकडच्या उन्हाळ्यात लॉन हिरवे ठेवायचे तर रोज निदान पाच मिलिमीटर पाणी हवे. आमचे अंगण सुमारे छप्पन्न चौरस मीटर. म्हणजे दिवसाला 280 लिटर, पंधरा लिटरच्या बादलीने मोजले तर अठरा-एकोणीस बादल्या. साठ दिवसांचे 16,800 लिटर. पाच हजार लिटरचे तीन टँकर रिकामे केले तरी हिशेब पुरा होत नाही! मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात आमच्या बोअरने राम म्हटला. मग आम्ही नळाचे पाणी वापरू लागलो.

इंदूरच्या नळाचे पाणी म्हणजे काय चीज आहे, हे जुन्या मंडळींना सांगायला नको. यशवंत सागर अपुरा पडू लागला म्हणून गावाने नर्मदेसाठी आंदोलन केले, आणि सत्तरच्या दशकाच्या अखेरीस सुमारे सत्तर किलोमीटरवरच्या जलूदहून, विंध्याचा घाट चढवून, नर्मदा येथे आणली गेली. एक दिवस सकाळी आमच्यापैकी एक जण (कोण, ते सांगत नाही) ते पाणी पाइपने लॉनवर शिंपडत होता, आणि त्याच वेळी मागच्या गल्लीत बायामाणसे ड्रम-हंडे घेऊन टँकरची वाट बघत उभी होती. कोणी काही बोलले नाही. एका काकूंनी फक्त पाइपकडे पाहिले आणि मान फिरवली. त्या दिवशी पाइप बंद झाला तो कायमचा.

लॉन ही मुळात इंग्लंडच्या हवेची गोष्ट आहे. तेथे वर्षभर थोडाथोडा पाऊस पडतो, ऊन मवाळ असते, आणि गवत आपोआप मऊ, बुटके राहते. ते कापायचे यंत्रही तेथलेच. एडविन बडिंग नावाच्या इंग्रजाने 1830 साली त्याचे पेटंट घेतले. आपल्या माळव्यात पाऊस चार महिन्यांत पडून मोकळा होतो. काळी माती पावसाळ्यात चिखल होते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. या हवेत, या मातीत जे गवत हजारो वर्षे वाढले, ते ठोंबाने वाढणारे, उंच, खोल मुळांचे गवत. पावसात ते हिरवे होते, शरदात त्याला तुरे येतात, थंडीत ते सोनेरी होते आणि उन्हाळ्यात वरून वाळून मुळांत झोपी जाते. त्याला मे महिन्यात हिरवे राहण्याचा हट्टच नसतो. आमच्या मते घराच्या बागेत आणि शाळेच्या अंगणातही हेच गवत शोभेसाठी लावले पाहिजे.

हे आम्ही माळीदादांना सांगितले तेव्हा ते खो खो हसले. म्हणाले, "बाबूजी, लोग घास उखाड़ने के पैसे देते हैं, आप लगाने के दे रहे हो!" त्यांचे हसणे रास्तच होते. गवत म्हणजे उपटायची वस्तू हे आपल्या डोक्यात पक्के बसले आहे. एखादे घर ओसाड पडले हे सांगायचे तर 'दारात गवत उगवले' असेच आपण म्हणतो. ज्या गाजरगवतामुळे गवताचे नाव फार बदनाम झाले ते तर गवत नव्हेच. ते शेवंती-झेंडूच्या कुळातले, अमेरिकेतून आलेले झुडूप. आणि ज्याला आपण गवत म्हणत नाही ते गहू, तांदूळ, ज्वारी, ऊस, बांबू, हे सगळे मात्र गवताच्याच कुळातले. पोळी खाऊन गवताला नावे ठेवणारे आपण!

पण आमची सुरुवातही चुकीनेच झाली, हे कबूल केले पाहिजे. लॉन काढल्यावर 'शोभेचे गवत द्या' म्हणून आम्ही नर्सरीत गेलो आणि फाउंटन ग्रासचे तीन ठोंब घेऊन आलो. दिसायला फार देखणे. कारंज्यासारखी झुकलेली पात, त्यावर मांजराच्या शेपटीसारखे गुलाबी तुरे. आल्यागेल्याने विचारावे असे. पुढच्या पावसाळ्यात तेच गवत फरशीच्या सांध्यांत, शेजाऱ्यांच्या गच्चीच्या नाळीत आणि गल्लीच्या कडेला उगवलेले दिसले. तेव्हा आम्ही जरा वाचन केले. हे गवत मूळचे उत्तर आफ्रिकेकडचे. हवाई बेटांत त्याने रानेच्या राने व्यापली आणि 2017 साली युरोपीय संघाने ते उपद्रवी परदेशी वनस्पतींच्या यादीत घातले. पांढऱ्या पिसाऱ्याच्या पंपास गवताचीही गोष्ट तशीच. आम्ही तिन्ही ठोंब मुळासकट काढले आणि शेजारच्या भाऊंच्या गच्चीची नाळही आमच्या हाताने साफ केली.

यात परदेशी तेवढे वाईट आणि आपले तेवढे चांगले, असा आमचा दावा नाही. आपले अंजन गवत राजस्थान-गुजरातच्या गुराढोरांचा मोठा आधार आहे. तेच अंजन गवत अमेरिकेतल्या ॲरिझोनाच्या वाळवंटात नको त्या जागी पसरले आणि तेथील लोक ते हाताने उपटत फिरतात. गवत जेथले तेथे शहाणे असते, एवढाच याचा अर्थ.

त्यानंतर आम्ही आपल्याकडचीच गवते शोधू लागलो. आज अंगणात जी आहेत त्यांची ओळख करून देतो.

पहिला मान वाळ्याचा. हिंदीत ज्याला खस म्हणतात तोच हा. माठात वाळ्याची जुडी आणि कूलरला खसच्या टट्ट्या आपल्यापैकी प्रत्येकाला ठाऊक. पण हे गवत उभे वाढताना किती जणांनी पाहिले आहे? पुरुषभर उंच, सरळ, दाट ठोंब होतो. याची मुळे बाजूला न पसरता सरळ खाली जातात, चांगल्या जमिनीत दोन-तीन मीटरपर्यंत. म्हणून बांध आणि उतार धरून ठेवायला त्याच्यासारखे दुसरे गवत नाही. आमच्या फाटकाजवळ पावसाळ्यात माती वाहून जाई, तेथे आम्ही सहा-सहा इंचांवर वाळ्याची ओळ लावली. दुसऱ्या वर्षापासून माती जागची हलली नाही. मात्र मुळे हवी असतील तर वाळा उंच ड्रममध्ये लावावा. दीड वर्षाने ड्रम आडवा करून मुळे काढता येतात आणि जमीन खणावी लागत नाही. एक ध्यानात ठेवावे, की वाळ्याचे काही प्रकार बी धरतात. म्हणून तुरा दिसला की कापावा.

दुसरा गवती चहा. त्याची ओळख करून देण्याची गरज नाही. आले आणि गवती चहा घातलेला चहा पिणारे कुटुंब ते कुंडीत का लावत नाही, एवढेच आम्हांला कळत नाही. त्याला तुरे क्वचितच येतात, पण नुसता झुकलेला हिरवा ठोंबही फार सुरेख दिसतो.

तिसरे रोशा गवत. हे आमचे सर्वांत लाडके. पात चोळली की गुलाबासारखा वास येतो. शरदात तुरे तांबूस-नारिंगी होतात आणि संध्याकाळच्या उन्हात तर पेटल्यासारखे दिसतात. निमाड-खानदेशच्या डोंगरांत याचे तेल काढण्याचा धंदा जुना आहे. एके काळी हे तेल गुलाबाच्या अत्तरात भेसळ करण्यासाठी पार तुर्कस्तानापर्यंत जात असे. आपल्या पायथ्याच्या निमाडातले गवत इतके लांब जाऊन आले आणि आपल्या बागेत मात्र आले नाही!

चौथे मारवेल. हे कुरणातले चाऱ्याचे गवत. उंची कमरेइतकी, पात मऊ, तुरे जांभळट आणि हाताच्या बोटांसारखे फाकलेले. बागेच्या पुढच्या ओळीला हे चांगले. आणि पाचवी आपली हरळी, म्हणजे दूर्वा. ज्यांना पायाखाली हिरवळ हवीच असेल त्यांनी हरळीची लहानशी पट्टी ठेवावी. उन्हाळ्यात ती पिवळी पडते, पण मरत नाही. पहिल्या पावसाबरोबर उठून बसते, आणि गणपतीत एकवीस दूर्वांची जुडी विकत आणावी लागत नाही.

दोन गवते मात्र आम्ही मुद्दाम लावली नाहीत. एक कास. भाद्रपद-आश्विनात नदीकाठी चांदीसारखे तुरे डोलतात ते हे गवत. कालिदासाने 'ऋतुसंहारा'त शरदाच्या वर्णनात याची फुले आणली आहेत. कोइमतूरच्या ऊस संशोधन केंद्रात याच रानटी कासाशी उसाचा संकर होऊन 1918 साली 'को 205' ही जात आली आणि उत्तर हिंदुस्थानातली ऊसशेती सावरली. इतके मोठे गवत! पण जमिनीखालून ते असे धावते, की काळ्या मातीतले शेतकरी त्याच्या नावाने कपाळाला हात लावतात. ते नदीकाठीच पाहावे. दुसरा दर्भ. तोही तसाच हट्टी. चाणक्याच्या पायाला दर्भ रुतला तेव्हा तो उखडायला त्याच्यासारख्यालाही मुळांत ताक ओतावे लागले, अशी कथा आहे. आपण कोण?

आता ज्या गोष्टीमुळे हा लेख शाळेच्या पत्रिकेसाठी लिहावासा वाटला ती सांगतो. गेल्या वर्षी नात म्हणींचा अभ्यास करत होती. दुसऱ्याच्या डोळ्यातले कुसळ दिसते, स्वतःच्या डोळ्यातले मुसळ दिसत नाही, ही म्हण तिने धडाधडा पाठ म्हटली. मग विचारले, "आजी, पण कुसळ म्हणजे काय गं?" मुसळ तिला आम्ही माळ्यावरून काढून दाखवले. कुसळ कोठून दाखवणार? लहानपणी शाळेतून येताना मोकळ्या माळावरून पळालो की मोज्यांत आणि परकराच्या काठात ती भरून येत. घरी बसून एकेक उपटायचे. तो माळ आता नाही, तेथे कॉलनी आहे. शेवटी रविवारी गावाबाहेर जाऊन कुसळी गवताच्या चार काड्या आणल्या. ते बी पाण्याच्या थेंबात ठेवले, तर त्याची शेपटी आपोआप गरगर पिळू लागली. ओल मिळाली की ते असेच फिरत फिरत स्वतःला जमिनीत पेरते. नात अर्धा तास जागची हलली नाही. मग म्हणाली, "म्हणजे डोळ्यात गेले तर किती दुखेल!" म्हण तिला त्या दिवशी कळली.

आपली घरे पिढ्यान्‌पिढ्या महाराष्ट्राबाहेर आहेत. मराठी टिकावी म्हणून आपण शाळा चालवतो, गणेशोत्सव करतो, नाटके बसवतो, निबंधस्पर्धा घेतो. हे सर्व हवेच. पण शब्द केवळ पुस्तकात ठेवून टिकत नाही, तो वस्तूच्या सोबतीने राहतो. वस्तू नजरेआड झाली की शब्द परीक्षेपुरता उरतो. कुसळ, काडी, पात, ठोंब, तुरा, पेंढी, भारा, कुरण, वाळा, रोशा, मारवेल, पवना: यांतले किती शब्द आपल्या चौथीच्या वर्गाला सांगता येतील? लॉनवर त्यांना एकच शब्द मिळेल, आणि तोही इंग्रजी.

आणखी एक शब्द सांगतो. रतलामजवळ सैलाना येथे 1983 साली एका पक्ष्यासाठी अभयारण्य झाले. पावसाळ्यात त्याचा नर उंच गवतातून उड्या मारतो, मादीला दिसावा म्हणून. हिंदीत त्याला खरमोर म्हणतात. मराठीत त्याचे नाव आहे तणमोर. गवताची राने, ज्यांना माळव्यात 'बीड' म्हणतात, नांगराखाली आणि घरांखाली गेली आणि 2021 पासून हा पक्षी जगातल्या अत्यंत धोक्यात असलेल्या पक्ष्यांच्या यादीत आहे. आपल्या अंगणातल्या चार ठोंबांनी तणमोर परत येणार नाही, हे आम्हांला कळते. पण ज्या मुलाने गवत जवळून पाहिलेच नाही, ते उद्या मोठे होऊन एखादे बीड वाचवायला उभे राहील, अशी आशा तरी कशी करावी? आमच्याकडे एवढे मात्र झाले: तिसऱ्या वर्षी मुनियांची जोडी आली आणि घरट्यासाठी गवताची पाती ओढून नेऊ लागली. लॉनवर ती कधी फिरकली नव्हती.

यावर काही शंका येणारच. पहिली सापाची. ती खोटी नाही. म्हणून उंच गवत दारापासून आणि मुलांच्या जाण्यायेण्याच्या वाटेपासून पाच-सहा फूट दूर ठेवावे, ठोंबांत तीन फूट अंतर सोडावे आणि बुडाशी पालापाचोळा साठू देऊ नये. दुसरी शंका आगीची. दिवाळीत तुरे वाळलेले असतात आणि फटाक्याची एक ठिणगी पुरते. फाटकालगतचे तुरे आम्ही वसुबारसेपूर्वीच कापतो. तिसरी, पातीची धार. वाळ्याच्या पातीने हात चिरतो, म्हणून कापताना हातमोजे हवेत. चौथी, शाळा बेवारस दिसेल ही. त्याला साधा उपाय आहे. वाफ्याच्या कडेला विटांची स्वच्छ, सरळ ओळ घालावी. कड नीट असली की आतले गवत मोकळे वाढले तरी ते मुद्दाम लावलेले आहे हे कोणालाही दिसते. एका पालकांनी सभेत प्लॅस्टिकच्या हिरवळीचीही सूचना केली होती. त्यांना विनंती, की मे महिन्यात दुपारी दोन वाजता अशा हिरवळीवर अनवाणी उभे राहून पाहावे.

निगा फार थोडी लागते. काळ्या मातीत पाणी साचते म्हणून वाफ्यात मुरूम, जाड वाळू आणि कंपोस्ट मिसळून जागा सहा इंच उंच करावी. पहिले दोन पाऊस झाले की जूनअखेर ठोंब फोडून लावावेत. युरिया घालू नये, त्याने गवत माजते आणि आडवे पडते. पहिल्या उन्हाळ्यात आठवड्यातून दोनदा पाणी, दुसऱ्यापासून आठ-दहा दिवसांनी एकदा पुरते. होळी झाली की ठोंबाला कमरेशी सुतळी बांधावी आणि जमिनीपासून वीतभर ठेवून विळ्याने कापावे. सुतळी बांधलेली असली की अख्खी पेंढी हातात येते, अंगणभर काड्या होत नाहीत.

या पेंढ्यांचे काय करायचे? त्याचे उत्तर तर याच गावाने जगाला दिले आहे. 1924 साली अल्बर्ट हॉवर्ड यांनी इंदुरात वनस्पती संशोधनाची संस्था उभी केली. आज तेथे कृषी महाविद्यालय आहे. वाळका पाला, काड्या आणि शेण यांचे थर देऊन खत करण्याची त्यांची रीत 'इंदूर पद्धत' म्हणून जगभर गेली. तिच्यावरचे 1931 चे पुस्तक हॉवर्ड यांनी आपल्या यशवंत वाड यांच्यासह लिहिले. ज्या गावाच्या नावाने जगात कंपोस्ट ओळखले जाते, त्या गावातल्या मराठी शाळेत एक खतखड्डा असू नये?

तेव्हा शाळेच्या व्यवस्थापनाला आणि पालकांना आमची विनंती अशी. सगळ्या जागेचा आग्रह आम्ही धरत नाही. फाटकाच्या उजव्या हाताला चाळीस फूट लांब आणि दहा फूट रुंद एवढी पट्टी दोन वर्षांसाठी गवताला द्यावी. उरलेल्या जागेत मुलांना पळायला मुरूमच बरा. चौथी ते सातवी या चार वर्गांनी एकेक भाग सांभाळावा. प्रत्येक ठोंबापुढे मराठी नावाची पाटी असावी. घातलेले पाणी बादल्यांनी मोजून वहीत लिहावे. कुसळी गवत एकाच कुंडीत, प्रयोगशाळेच्या खिडकीत असावे, म्हणजे मोज्यांचा प्रश्न येणार नाही. गणपतीच्या दूर्वा, उन्हाळ्यात माठातला वाळा आणि शिक्षकांच्या चहातली पात शाळेच्याच अंगणातून मिळावी. दोन वर्षांनी वही उघडून हिशेब करू. पट्टी कोणाला आवडली नाही, तर आम्ही दोघे स्वतः येऊन ठोंब काढून नेऊ आणि लॉनच्या वर्गणीत आमचा वाटा विनातक्रार देऊ.

वाळ्याचे, गवती चहाचे आणि रोशाचे मिळून तीस ठोंब आमच्या अंगणातून देण्याची तयारी आहे. पहिल्या पावसानंतरच्या रविवारी कुदळ, घमेले आणि दोन-चार हात मिळाले की काम सकाळी दहाच्या आत होईल. पोहे आमच्याकडे.